घरातल्या वस्तूंतून नटणं-सजणं: खरंच जमलेले प्रयोग सांगा

केतकी_वारजे
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या नणंदेचं लग्न आहे, दीड महिना राहिलाय आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय की हॉल आणि जेवण सोडलं तर बाकी होईल तेवढं घरीच करायचं. माझी नोकरी सध्या नाहीये त्यामुळे हातात वेळ आहे, पैसे मोजके आहेत. आजेसासूबाईंची एक लोखंडी ट्रंक आहे, तिच्यात चार जुन्या रेशमी साड्या, सात-आठ खण आणि दोन इरकली निघाल्या. आजी म्हणाल्या, ठेवून कुजवण्यापेक्षा वापरा.

आता खरं कारण सांगते. मागच्या आठवड्यात एक व्हिडिओ बघून मी लिंबाचा रस आणि खायचा सोडा एकत्र करून चेहऱ्याला लावला आणि दहा मिनिटं ठेवला. गाल लालभडक झाले, अजून खरखरीत आहेत, हसलं की चुरचुरतं. नणंद पण लावणार होती, ती थोडक्यात वाचली. म्हणून विचारतेय, ऐकीव नको, तुम्ही स्वतः करून बघितलेलं आणि जमलेलं सांगा. चेहरा, केस, कपडे, दागिने काहीही चालेल. आणि काय करू नये ते तर नक्कीच सांगा.

सोनचाफा_१२
केतकी, आधी हे वाच. मी त्वचाविभागात शिकते आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) २ च्या आसपास असतो, आपल्या त्वचेचा साधारण ४.५ ते ५.५, आणि सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. म्हणजे दोन्ही त्वचेला परके, एक इकडून ओढतं आणि एक तिकडून. दोन्ही मिसळले की एकमेकांना मारतात हे खरं, पण आपण काही मोजून घालत नाही, जे उरतं ते गालावर काम करत बसतं. शिवाय सोड्याचे दाणे घासले जातात ते वेगळंच.

लिंबाचा अजून एक धोका म्हणजे ऊन. लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्यं असतात जी उन्हात त्वचेवर भाजल्यासारखा परिणाम करतात आणि मग तिथे काळे डाग पडतात, ते जायला महिने लागतात. लिंबू लावून टू-व्हीलरवर निघालेल्या मुली मी ओपीडीत बघितल्या आहेत.

आता तू आठवडाभर चेहऱ्याला काहीही लावू नकोस, साधं सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, बाहेर जाताना सनस्क्रीन आणि ओढणी. हळद नाही, मध नाही, बर्फ चोळणं नाही. आठवड्यात बरं वाटलं नाही तर दाखवून घे.

केतकी_वारजे
खूप धन्यवाद गं, आज संध्याकाळी मुलतानी माती लावणारच होते, आता नाही लावत.

सिंहगडरोडवाली
टूथपेस्टचं पण लिहा कोणीतरी. माझी मुलगी पिंपलवर टूथपेस्ट लावून झोपायची, तिथे सालपट निघून डाग राहिला. दहावीचं वर्ष होतं, रोज रडायची बिचारी.

सोनचाफा_१२
हो, टूथपेस्ट दातांसाठीच. आणि ज्यांना पिंपल येतात त्यांनी चेहऱ्याला खोबरेल तेलही चोळू नका, त्याने छिद्रं बुजतात. हातापायांना, केसांना मजेत लावा. अक्रोडाच्या सालीची भरड, जाडी साखर, कॉफीचा चोथा हे चेहऱ्यावर नकोच, टाचांना आणि कोपरांना चालेल. आणि सनस्क्रीन घरी करता येत नाही, कुठल्याही तेलाने ते काम होत नाही, ते विकतच घ्यायचं.

काहीही नवीन लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडंसं लावून २४ ते ४८ तास वाट बघायची. लग्नाच्या आठवड्यात तर नवीन काहीच नको.

आज्जीचा_डबा
केतकी, तुझा चेहरा बरा झाला की उटणं कर, आमच्याकडे दिवाळीला दरवर्षी घरीच होतं, सासूबाई करायच्या, आता मी करते, ३० वर्षं तरी झाली असतील. पुण्यात मंडईच्या आसपास काष्ठौषधींची दुकानं आहेत तिथे सगळं सुटं मिळतं, पुडी बांधून देतात. मसूर डाळीचं पीठ एक वाटी (डाळ धुवून सावलीत कडकडीत वाळवून मिक्सरवर काढायची), मुलतानी माती अर्धी वाटी, आंबेहळद दोन चमचे, आणि नागरमोथा, कचोरा, वाळा, गुलाबपाकळ्यांची पावडर प्रत्येकी एक एक चमचा. संत्र्याच्या सालीची पावडर बरेच जण घालतात, मी नाही घालत कारण आमच्या धाकट्याला ती चुरचुरते.

यात खरी मेहनत चाळण्याची आहे. वाळ्याचे आणि नागरमोथ्याचे बारीक तंतू राहतात, ते टोचतात, म्हणून पिठाच्या चाळणीने नाही चालत, जुन्या सुती ओढणीतून वस्त्रगाळ करायचं. हात भरून येतो पण करायचंच. मग कोरड्या बरणीत ठेव. लावताना दुधात किंवा नुसत्या पाण्यात कालवायचं, अंगाला आधी तेल, मग उटणं, आणि ते पूर्ण वाळून तडकायच्या आत धुवायचं. वाळेपर्यंत ठेवलं की कातडी ओढली जाते. हळदीच्या दिवशी सकाळी नणंदेला हेच लाव, सुगंध घरभर होतो.

मुग्धा_डेक्कन
वस्त्रगाळ केलं नव्हतं म्हणून मला उटणं कायम टोचायचं, आज कळलं. धन्यवाद आज्जीचा_डबा!!

केतकी_वारजे
आंबेहळद आणि साधी हळद सारखीच का? माझ्याकडे स्वयंपाकाची आहे.

आज्जीचा_डबा
नाही गं, वेगळी. आंबेहळदीला कैरीसारखा वास येतो आणि ती पिवळं करत नाही फारशी. स्वयंपाकाची हळद घातलीस तर फोटोत नवरी दोन दिवस पिवळी दिसेल, चिमूटभर चालेल.

निळीशाई
केसांचं मी सांगते कारण तीन वर्षं झाली मी विकतचं जेल आणलेलं नाही. माझे केस कुरळे आहेत, पुण्याच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात झाडूसारखे उभे राहतात. जवसाचं जेल करा. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर ढवळत राहायचं, सात ते दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरायला लागतं, लगेच गॅस बंद. आणि गरम असतानाच गाळायचं!! मी पहिल्यांदा गार करून गाळायला गेले तर सगळं एक गोळा, गाळणीतून थेंब पडेना, जवस आणि गाळणी दोन्ही वाया. आता जुन्या स्टॉकिंगमधून पिळते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्यायचं. ओल्या केसांना लावून केस मुठीत धरून दाबायचे, वाळले की कडक वाटतात, मग हाताने चुरगाळले की मऊ होतात.

जास्वंदीची पानं पण चांगली, ८-१० पानं पाण्यात चुरगाळून बुळबुळीत पाणी काढायचं, शिकेकाई आणि रिठ्याच्या पाण्यात घालायचं, केसांत गुंता होत नाही. फक्त रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, भयंकर झोंबतं.

सोनचाफा_१२
कोरफड लावणाऱ्यांसाठी एक. पान कापलं की सालीलगत पिवळा चीक येतो, त्यानेच खाज येते आणि लोक म्हणतात मला कोरफड सोसत नाही. पान कापून १५-२० मिनिटं उभं ठेवायचं, चीक निथळला की धुवायचं, साल काढायची, मग आतला पारदर्शक गर घ्यायचा.

केतकी_वारजे
केसांचं कळलं. आता कपड्यांचं सांगा कोणीतरी, ट्रंक उघडून बसलेय आणि कात्री लावायचा धीर होत नाहीये.

धायरीची_टेलर
धीर होत नाहीये ते बरंच आहे, आधी माझं ऐका. मी गेली १४ वर्षं घरून शिवणकाम करते, जुन्या साड्यांचे ड्रेस, ब्लाउज, परकर-पोलकी हेच जास्त.

पहिलं, जर खरी आहे का बघा. एक तार काठाच्या टोकाची काढा आणि काडीने पेटवा, आकसून तिचा काळा गोळा झाला तर प्लास्टिकची, नाही झाली तर ओळखीच्या सराफाला दाखवा. जुन्या चांगल्या साडीची जर म्हणजे चांदीची तार, वरती सोन्याचा मुलामा. अशा साडीला कात्री लावायची का ते घरात सगळ्यांनी बसून ठरवा, मागून हळहळ नको. दारावर येणाऱ्याला भांड्यांच्या बदल्यात तर अजिबात देऊ नका, माझ्या मावशीने एका स्टीलच्या डब्यावर पैठणी घालवलेली आहे.

दुसरं, साडी उजेडासमोर धरा. रेशीम घड्यांवर आधी विरतं. जिथे जिथे उजेड आरपार दिसतो तिथे खडूने खूण करा, तो भाग सोडून बाकीचं वापरायचं. अंग विरलं असलं तरी काठ आणि पदर बहुतेक वेळा धड असतात, जरीमुळे. मग काठ उसवा (कापू नका, विणलेला काठ असेल तर काठाबाहेर अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, ठेवून कापा) आणि साध्या कॉटन सिल्कच्या कुर्त्याला गळ्याला, बाहीला, घेराला लावा. एका साडीच्या दोन काठांत घरातल्या चार बायकांचे कुर्ते सहज होतात, लग्नात सगळ्यांचे एकसारखे काठ, फोटो फार छान येतात.

तिसरं, जुन्या रेशमाचं ब्लाउज शिवायचं असेल तर नुसतं शिवू नका, टिपेजवळ फाटतं. आतून मऊ सुती अस्तर पूर्ण लावा, कापायच्या आधी दोन्ही कापडं एकमेकांवर ठेवून कडेने धावदोरा घाला आणि मग एकच कापड समजून शिवा. आणि माया भरपूर सोडा, काखेत तर दीड इंच.

केतकी_वारजे
काडी लावून बघितली, दोन साड्यांची जर प्लास्टिक निघाली. एक गोळा झाली नाही, आजींची लग्नातली आहे, ती परत मलमलमध्ये गुंडाळून ठेवली. चौथीचं अंग पूर्ण विरलंय पण काठ धड आहे, मोरपंखी, त्याचे कुर्ते नक्की.

धायरीची_टेलर
छान. शिवताना सुई नवीन घाला, ११ नंबरची. जाड सुईने रेशमाला भोकं पडतात ती बुजत नाहीत.

मुग्धा_डेक्कन
खणांचं माझ्याकडे सोपवा. मी खणाचे कानातले करते, मैत्रिणींना वाढदिवसाला देते. खण मुळातच बारीक नक्षीचा असतो, गुळेदगुड्डचा खण तर एवढा ठसठशीत की रुपयाएवढ्या गोलातही नक्षी पूर्ण येते, म्हणून दागिन्याला याच्यासारखं कापड नाही.

साहित्य: आलेल्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा, फेविकॉल, खण, सोनेरी बारीक लेस किंवा गोट, हुक. हुक आणि कड्या रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला वजनावर मिळतात, एकदा आणले की वर्षभर पुरतात, तुळशीबागेत पाकिटं मिळतात ती थोडी महाग पडतात. पुठ्ठ्याचे अडीच सेंटीमीटरचे गोल कापायचे, मी औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून आखते. एका कानातल्याला दोन गोल एकमेकांवर चिकटवायचे नाहीतर ते वाकतात. खण सगळीकडून एक सेंटीमीटर मोठा कापायचा, कडेला कात्रीने छोटे छोटे काप द्यायचे म्हणजे मागे दुमडताना चुण्या पडत नाहीत.

फेविकॉल पुठ्ठ्याला लावायचा, खणाला नाही, आणि बोटाने पसरून अगदी पातळ. जाड लागला की खणाच्या वर झिरपतो आणि पांढुरका डाग कायमचा. चिकटवलं की वर जाड पुस्तक ठेवून रात्रभर विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी मागे दुसऱ्या रंगाच्या खणाचा गोल, कडेने लेस, दाभणाने भोक, कडी, हुक, झालं. वजन काहीच नाही त्यामुळे दिवसभर घातले तरी कान दुखत नाहीत.

सिंहगडरोडवाली
मुग्धा, हुकाने कान पिकतात त्याचं काय करतेस? मला तुळशीबागेतलं काहीच चालत नाही.

मुग्धा_डेक्कन
कानात जाणारा भाग सोडून मागच्या सगळ्या धातूला बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात देते, गळ्यातल्यालाही तेच. धातू कातडीला लागत नाही. महिन्याभराने परत लावायचं. पण तुझे कान पिकत असतील तर हुक स्टीलचे किंवा चांदीचेच घे, तिथे नेलपॉलिशवर भरवसा नको.

रसायनवाला
मी शाळेत विज्ञान शिकवायचो, निवृत्त झालो, बायको म्हणाली लिहा तुम्ही पण. चांदीचे पैंजण, जोडवी काळी पडली असतील तर रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासू नका, दरवेळी थोडी चांदी घासली जाते आणि बारीक ओरखडे पडतात. तो काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात तळाला अॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर दागिना फॉइलला टेकेल असा ठेवा, दोन चमचे खायचा सोडा टाका, वरून उकळतं पाणी ओता. थोडा कुजक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका, गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातंय. पाच-दहा मिनिटांत दागिना उजळतो. धुवून मऊ फडक्याने पुसा. मोती, खडे चिकटवलेले, मुद्दाम काळपट ठेवलेले ऑक्सिडाइज्ड दागिने यात घालू नका, मोती खराब होतात आणि ऑक्सिडाइज्डची नक्षीच निघून जाते.

केतकीताईंनी चेहऱ्याला लावलेला सोडा इथे उपयोगी येईल.

केतकी_वारजे
काका, आत्ताच सासूबाईंचे पैंजण करून बघितले. सासूबाई दोनदा हातात घेऊन बघत होत्या. खूप खूप आभार!

अपर्णा_निगडी
लिपबाम कोणी केलाय का? मी बीटाचा रस घालून केला, दुसऱ्या दिवशी तळाला लाल पाणी आणि वर पांढरं.

रसायनवाला
बीटाचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही, त्यामुळे तो कधीच मिसळणार नाही. तेलात उतरणारा लाल रंग पाहिजे तर रतनजोत. काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, साल असते, कोमट खोबरेल तेलात घातली की तेल माणकासारखं लाल होतं.

अपर्णा_निगडी
अरे वा! म्हणजे दोन चमचे रतनजोतीचं तेल आणि मेण किती?

निळीशाई
मी तीन चमचे तेलाला एक चमचा किसलेलं मधमाशीचं मेण घेते, थंडीत थोडं कमी, उन्हाळ्यात जरा जास्त. मेणबत्तीचं मेण नाही हं, ते वेगळं. वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर नको, मेण ६२-६४ अंशाला वितळतं. डबी आणि चमचा अगदी कोरडे पाहिजेत, पाण्याचा थेंब गेला तर बुरशी येते. आधी हाताला लावून बघ, रतनजोत सगळ्यांना चालेलच असं नाही.

आज्जीचा_डबा
मेंदीचं राहिलं की! केतकी, कोन घरी करा. बाजारात ती झटपट काळी मेंदी मिळते ती चुकूनसुद्धा नको, माझ्या पुतणीच्या हातावर फोड आले होते नक्षीच्या आकाराचे. मेंदी कधी काळी नसते, ती आधी केशरी येते आणि दोन दिवसांत गडद तपकिरी होते.

सोनचाफा_१२
अगदी बरोबर. त्या काळ्या मेंदीत बहुतेक वेळा केस रंगवायचं रसायन, पीपीडी, घातलेलं असतं. त्याची अॅलर्जी एकदा झाली की आयुष्यभर राहते, पुढे हेअर डाय पण चालत नाही.

आज्जीचा_डबा
तर कृती. मेंदीची पावडर ओढणीतून गाळायची, नाहीतर कोन अडकतो. चहाचं कोरं गार पाणी, एका लिंबाचा रस, दोन चमचे साखर, नीलगिरी तेलाचे दहा-पंधरा थेंब, दह्यासारखं भिजवायचं आणि झाकून सहा ते आठ तास ठेवायचं, उन्हाळ्यात लवकर होतं. वरती तपकिरी रंग चढला की समजायचं उतरली. वाळत आली की साखर-लिंबाचं पाणी कापसाने टिपायचं म्हणजे गळून पडत नाही. रात्रभर ठेवायची, सकाळी खरवडून काढायची, पाण्याने धुवायची नाही, खोबरेल तेल लावायचं. लग्नाच्या दोन दिवस आधी काढा, बरोबर लग्नाच्या दिवशी रंग पूर्ण चढलेला असतो.

केतकी_वारजे
लिंबू इथे चालेल ना सोनचाफा? आता लिंबू दिसलं की धडकी भरते.

सोनचाफा_१२
तळहाताची कातडी जाड असते आणि मेंदीला आंबट लागतंच, त्याने रंग सुटतो. रात्री काढताय, उन्हात बसत नाही, चालेल. हाताला चिरा किंवा जखम असेल तर मात्र चहाचं पाणीच वापरा.

सायकलवाला_नाना
पुरुषांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझे वडील शर्टाची कॉलर उलटवायचे. कॉलर मानेकडे घासून विरते, वरच्या बाजूलाच, खालची बाजू नवीकोरी असते. पट्टीतून कॉलर उसवायची, उलटी करायची, त्याच टिपेवर परत शिवायची. शर्ट अजून तीन वर्षं जातो. मी आजही करतो, ब्लेड घेऊन सावकाश उसवायचं, घाई केली की पट्टी फाटते. चेन अडकत असेल तर दोन्ही बाजूंच्या दातांवर मेणबत्ती किंवा पेन्सिलचं शिस घासा. तेवढंच.

धायरीची_टेलर
नाना, कॉलर उलटवून घ्यायला आता कोणी येतच नाही. तुम्ही अजून करता हे वाचून फार बरं वाटलं.

मुग्धा_डेक्कन
केतकी, मांडवात घरच्या मुलींच्या ओढण्या एका रंगाच्या पाहिजेत का? मी कांद्याच्या सालांनी रंगवते. आमच्या कोपऱ्यावरच्या मेसवाल्या काकू पिशवीभर सालं बाजूला ठेवतात.

१०० ग्रॅम सुती कापडाला १०० ग्रॅम वाळकी सालं. कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ पूर्ण काढायची, ही पायरी गाळली की रंग डागाडागांनी बसतो. मग १५-२० ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात घालून त्यात कापड रात्रभर भिजवायचं, पिळून १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात तासभर. तिकडे सालं तासभर उकळून गाळून घ्यायची, त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर, अधूनमधून हलवत. सोनेरी केशरी रंग येतो, भाजलेल्या बेसनासारखा. सावलीत वाळवायचं. त्यातलंच एक कापड गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात बुडवलं तर शेवाळी होतं, हिरडा आणि लोखंडाची गाठ पडली की रंग काळवंडतो. भांडं वेगळं ठेवा, परत स्वयंपाकाला नको. बांधणी पाहिजे तर हरभरे घालून दोऱ्याने घट्ट बांधा, रबरबँडपेक्षा दोरा चांगला धरतो.

हळदीने रंगवू नका, उन्हात दोन दिवसांत उडते. डाळिंबाची सालं चालतात, ज्यूसवाल्याकडे मागा.

केतकी_वारजे
किती लिहिलंत सगळ्यांनी, मी वहीत उतरवून घेतेय. सासूबाई पण शेजारी बसून वाचतात.

(दोन महिन्यांनी)

केतकी_वारजे
उशीर झाला कळवायला, माफ करा. लग्न छान झालं. माझा चेहरा तीन आठवड्यांनी पूर्ण बरा झाला, काहीही न लावता. काठाचे कुर्ते चार झाले, अकरा नंबरच्या सुईने. ओढण्या सहा रंगवल्या, त्यातली एक डागाडागांची झाली कारण ती घाईत सोड्यात उकळलीच नव्हती, ती मीच घेतली. मेंदी नणंदेला दोन्ही हातांना गडद आली. उटणं वस्त्रगाळ करताना सासऱ्यांनी ओढणीचं एक टोक धरलं होतं तासभर.

कानातले १९ जोड केले, रुखवतात एका ताटात मांडले होते. नणंदेच्या सासूबाईंनी विचारून दोन नेले. आजींनी स्वतःसाठी जांभळा निवडला, हुकाला त्यांची जुनी कुडीची तार लावून दिली कारण त्यांना हुक चालत नाही.

आता एक अडचण. घरी आमच्या नव्या जावेची पहिली संक्रांत आहे, हलव्याचे दागिने पण घरीच करायचेत. एक हार करून बघितला, हलवा पुठ्ठ्यावर चिकटवला तर दोन दिवसांत ओलसर होऊन सुटला.

आज्जीचा_डबा
अगं, चिकटवायचा नाही, बांधायचा. हलवा काटेरी असतो म्हणून तर दोरा धरतो. पांढरा बळकट दोरा घे, एक दाणा, दोऱ्याचे दोन वेढे, गाठ, मग पुढचा दाणा. दाण्यांमध्ये सोनेरी जरीचा दोरा फिरव. मधल्या पदकापुरता पुठ्ठा आणि फेविकॉल, पण तो पूर्ण सुकल्यावरच हाराला जोड. हलवा आणला की आधी दोन दिवस ताटात पसरून उन्हात ठेव, हात कोरडे ठेव, आणि झालेले दागिने हवाबंद डब्यात मलमलच्या पुरचुंडीत थोडे तांदूळ ठेवून त्यावर ठेव. डब्याला मुंग्या येतात, म्हणून डबा पाण्याच्या परातीत उभ्या केलेल्या वाटीवर ठेवायचा. बाजूबंद आणि बांगड्यांना आत जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या घाल म्हणजे गोल राहतात.

केतकी_वारजे
म्हणजे माझा पहिला हार सगळा उसवायचा. आज रात्री बसते. दोरा मेण लावलेला घेऊ का साधा?

आज्जीचा_डबा
मेण लावलेला. आणि नथीला दाणे अगदी बारीक लागतात, ते आजच वेगळे निवडून ठेव.